छोट्या इंजिनात डीसीसी डिकोडर बसवताना

बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या मार्गावर १९९० च्या दशकापर्यंत मीटर गेजचे रूळ होते आणि त्यावरून वायडीएम-४ जातीची डिझेल इंजिने गाड्या ओढत असत. ज्यांचे लहानपण टिळकवाडीच्या रेल्वे गेटांजवळ किंवा खानापूरच्या फलाटावर गेले आहे, त्यांच्या कानांत उभ्या इंजिनाची संथ धडधड अजून असेल आणि गाडी सुटताना चाके किती सावकाश वेग घेत, हेही डोळ्यांसमोर असेल. टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेत तीच सावकाश हालचाल आणण्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल), अर्थात इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची छोटी पाटी बसवून प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा देण्याची पद्धत. ज्यांच्याकडे डीसी प्रवाहावर चालणारे साधे एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाचे इंजिन आहे आणि ज्यात डिकोडरसाठी तयार सॉकेट नाही, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. गेल्या काही वर्षांत माझ्या आणि परिचितांच्या जेवढ्या इंजिनांत डिकोडर बसवताना अडचणी आल्या, त्यांतील बहुतेकांचे मूळ डिकोडरमध्ये नव्हते. ते मोटरीत, चाकांत किंवा कुठे तरी चेसिसला टेकलेल्या पत्र्याच्या टोकात होते. म्हणून या लेखात डिकोडरपेक्षा इंजिनाच्या तपासणीला जास्त जागा दिली आहे आणि वाचकांनीही तिला तेवढाच वेळ द्यावा, असा माझा आग्रह आहे.

पद्धत थोडक्यात

साध्या डीसी पद्धतीत रुळांवरील व्होल्टेज वाढवले की इंजिन पळते आणि ध्रुव उलटे केले की मागे जाते. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने असतील तर दोन्ही एकदम हलतात. डीसीसीमध्ये रुळांवर सतत पूर्ण व्होल्टेज असते, एचओसाठी साधारण १४ ते १५ व्होल्ट, आणि हा प्रवाह वेगाने दिशा बदलणाऱ्या चौकोनी लहरींचा असतो. लहरीचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘एक’ मानला जातो आणि १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांब असेल तर ‘शून्य’. या एक-शून्यांच्या ओळीतून कमांड स्टेशन, म्हणजे रुळांवर आज्ञा पाठवणारे नियंत्रण यंत्र, सांगते की अमुक क्रमांकाच्या इंजिनाने अमुक वेगाने पुढे जावे. सर्व डिकोडर ही आज्ञा ऐकतात, पण पाळतो तो फक्त त्या क्रमांकाचा. मूळ कल्पना लेंझ या जर्मन कंपनीची असून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४ साली तिचे प्रमाणीकरण केले. त्यामुळेच एका कंपनीचे कमांड स्टेशन आणि दुसऱ्या कंपनीचा डिकोडर आज एकमेकांशी बोलू शकतात.

डिकोडर हातात घेण्यापूर्वी

प्रथम इंजिन डीसीवर नीट चालते की नाही, हे पाहावे. जे इंजिन डीसीवर अडखळते ते डीसीसीवर सुधारत नाही, उलट त्याचे अडखळणे अधिक उठून दिसते. चाकांवरील काळी पुटे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत, चाकांना टेकून रुळांची वीज घेणाऱ्या पिकअपच्या पट्ट्या हलक्या हाताने वाकवून त्यांचा स्पर्श पक्का करावा आणि गिअरमधील घट्ट झालेले जुने ग्रीस काढून टाकावे. त्यानंतर मल्टीमीटरची एक सळई पिकअपच्या वायरीला व दुसरी चाकाला लावून प्रत्येक चाकाची जोड वेगळी तपासावी. सहापैकी दोनच चाकांतून वीज येत असल्याचे अनेकदा याच वेळी लक्षात येते.

त्यानंतर मोटर जास्तीत जास्त किती प्रवाह घेते हे मोजावे. इंजिन १२ व्होल्ट डीसीवर चालवावे, मल्टीमीटर अँपिअरच्या मापावर ठेवून मालिकेत जोडावा आणि मोटरीचा दांडा किंवा फ्लायव्हील बोटांनी फक्त एक-दोन सेकंद अडवून धरावे. त्या क्षणी जो आकडा दिसतो तो अडलेल्या मोटरीचा प्रवाह होय. एचओसाठीचे सर्वसाधारण डिकोडर सतत एक अँपिअर आणि क्षणभर दोन अँपिअरपर्यंत सहन करतात, म्हणून हा आकडा एक अँपिअरच्या आत असावा. नव्या, बंद डब्याच्या मोटरी या मर्यादेत सहज बसतात, तर जुन्या उघड्या मोटरींचे चुंबक कमजोर झाले असेल तर प्रवाह खूप वाढतो. माझ्याकडील एका जुन्या इंजिनाची मोटर दीड अँपिअर घेत होती. उद्यमबागेतील एका रिवाइंडिंगच्या दुकानात ती नेली, तेव्हा तेथील कानडी कारागिराने, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, कम्युटेटरच्या (मोटरीच्या दांड्यावरील तांब्याच्या फिरत्या कड्याच्या) फटींत साठलेली कार्बनची पूड सुईने काढली आणि त्या कड्याला टेकून वीज देणाऱ्या ब्रशच्या स्प्रिंगा बदलल्या. तेवढ्यानेच प्रवाह मर्यादेत आला. पंपांच्या मोटरी भरणाऱ्या आणि लेथवर काम करणाऱ्या हातांची आपल्या भागात वाण नाही. बोटाएवढी मोटर त्यांच्यासमोर ठेवायला संकोच करू नये.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. मोटरीचे दोन्ही ब्रश चेसिसपासून आणि रुळांपासून पूर्णपणे अलग असले पाहिजेत. अनेक जुन्या इंजिनांत मोटरीच्या एका ब्रशची पत्र्याची पट्टी थेट धातूच्या चेसिसला टेकलेली असते आणि चेसिस एका बाजूच्या चाकांशी जोडलेले असते. डीसीवर याने काहीच बिघडत नाही. डीसीसीमध्ये मात्र रुळांवरचा पूर्ण प्रवाह त्या पट्टीतून डिकोडरच्या मोटर चालवणाऱ्या भागात उलटा शिरतो आणि क्षणार्धात डिकोडर जळतो. माझा पहिला डिकोडर असाच गेला. ब्रशची पट्टी मी वर उचलली होती, पण झाकण लावताना ती पुन्हा दबून चेसिसला टेकली आणि झाकण लावल्यानंतर मी मोजमाप केले नव्हते. तेव्हापासून माझा नियम असा आहे की हे मोजमाप तीनदा करायचे: मोटर बाहेर असताना, मोटर स्क्रूने घट्ट बसवल्यावर आणि इंजिनाचे वरचे कवच चढवल्यावर.

मोजायची रीत सोपी आहे. मोटरीला येणाऱ्या सर्व वायरी काढून मल्टीमीटर बझरवर ठेवावा. एक सळई पहिल्या ब्रशला लावून दुसरी सळई आळीपाळीने चेसिसला, डाव्या चाकांना व उजव्या चाकांना लावावी. कोठेही आवाज येता कामा नये. मग दुसऱ्या ब्रशचे तसेच करावे. आवाज आला तर टेकणारी पट्टी वाकवून किंवा कापून घ्यावी आणि मोटरीच्या खाली मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळी उष्णतारोधक टेप दोन थरांत लावावी. मोटर धरणारा धातूचा स्क्रू ब्रशजवळून जात असेल तर त्या जागी नायलॉनचा स्क्रू घालावा. शेवटी बझर बंद करून मीटर ओहमच्या मोठ्या मापावर ठेवावा आणि तेच मोजमाप पुन्हा करावे, कारण कार्बनच्या पुडीतून होणारी बारीक गळती बझरला ऐकू येत नाही.

रेडिओत खरखर येऊ नये म्हणून काही मोटरींवर छोटे कपॅसिटर लावलेले असतात. त्यांपैकी जो ब्रशपासून चेसिसला जोडलेला असेल तो अवश्य काढावा. दोन ब्रशांमधला कपॅसिटरही काढल्यास डिकोडरला मोटरीचा वेग अचूक मोजता येतो आणि संथ चाल सुधारते.

वायरी आणि डाग

डिकोडरच्या वायरींचे रंग प्रमाणित आहेत आणि ते पाठ करून ठेवावेत. लाल वायर उजव्या बाजूच्या चाकांच्या पिकअपला, काळी डाव्या बाजूच्या पिकअपला. नारिंगी मोटरीच्या एका ब्रशला आणि करडी दुसऱ्याला. पांढरी पुढच्या दिव्यासाठी, पिवळी मागच्या दिव्यासाठी. निळी वायर सर्व दिव्यांची सामाईक धन बाजू आहे. हिरवी आणि जांभळी या जादा कामांसाठी, म्हणजे छपरावरच्या फ्लॅशर दिव्यासारख्या गोष्टींसाठी असतात. इंजिनात आठ पिनांचे सॉकेट आधीच असेल तर काम फारच सोपे होते. पहिल्या पिनेची खूण पाहून डिकोडर बसवावा. चुकून उलटा बसला तर इंजिन सहसा चालते, पण दिवे नीट लागत नाहीत, त्यावरून चूक ओळखता येते.

या बारीक वायरींना डाग देण्यासाठी २५ वॅटची टोकदार सोल्डरिंग आयर्न आणि ६०/४० ची बारीक सोल्डर वायर पुरेशी आहे. पत्र्याच्या कामासाठी वापरतात ते आम्लाचे फ्लक्स येथे कधीही वापरू नये, कारण ते मागे राहून वायर कुरतडते. साध्या राळेचे फ्लक्स घ्यावे. हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी डाग देण्याआधीच वायरीत ओवावी लागते, हे लिहिण्याचे कारण नवख्यांनाच नव्हे, तर सवयीच्या माणसालाही नेमका याच गोष्टीचा विसर पडतो. डाग चकचकीत आणि पसरलेला दिसला पाहिजे. मळकट आणि गोळ्यासारखा दिसला तर तो कोरडा डाग समजावा आणि पुन्हा द्यावा, कारण धावत्या इंजिनाच्या हादऱ्याने असा डाग सुटतो. मोटरीच्या ब्रशाजवळ दोन सेकंदांपेक्षा जास्त उष्णता देऊ नये, नाहीतर आतील प्लॅस्टिक वितळून ब्रश अडकतो.

न वापरलेल्या वायरी मुळापासून कापू नयेत, पुढे त्या लागतात. प्रत्येकीच्या टोकावर वेगळी नळी चढवून त्या गुंडाळून ठेवाव्यात. डिकोडर दुहेरी फोम टेपने चेसिसवर चिकटवावा, पण त्याला चारही बाजूंनी टेपमध्ये गुंडाळू नये, कारण त्याची उष्णता बाहेर पडण्यास वाट हवी.

दिव्यांसाठी आता एलईडीच वापरावेत. एलईडीचा लांब पाय निळ्या वायरीकडे आणि आखूड पाय पांढऱ्या किंवा पिवळ्या वायरीकडे जातो आणि प्रत्येक एलईडीला त्याचा स्वतंत्र रेझिस्टर लागतो. निळ्या वायरीवर सुमारे १३ व्होल्ट असतील आणि पांढरा एलईडी ३ व्होल्ट घेत असेल तर १,००० ओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह जातो, जो भरपूर आहे. जुन्या डिझेल इंजिनाच्या दिव्याची पिवळसर झाक हवी असेल तर उबदार पांढरा एलईडी आणि २,२०० ओहमचा रेझिस्टर घ्यावा. गणेशोत्सवाच्या देखाव्यांचे दिवे जोडणाऱ्या कारागिरांकडे असे बारीक एलईडी आणि रेझिस्टर सुट्या स्वरूपात मिळतात.

पहिली चाचणी

नव्याने जोडलेले इंजिन थेट मुख्य रुळांवर ठेवू नये. कमांड स्टेशनला प्रोग्रॅमिंगसाठी वेगळी जोड असते, तिच्यातून मुद्दाम मर्यादित प्रवाह सोडलेला असतो, त्यामुळे वायरिंगमध्ये चूक असली तरी डिकोडर वाचण्याची शक्यता राहते. रुळाचा एक फूटभर तुकडा या कामासाठी कायमचा बाजूला ठेवावा. त्यावर इंजिन ठेवून डिकोडरचा पत्ता वाचून पाहावा. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो, तो बरोबर वाचला गेला तर पिकअप आणि मोटर या दोन्ही जोडण्या ठीक आहेत असे समजावे. मोटरीचा संबंध येथे कसा येतो, असा प्रश्न पडेल. डिकोडर उत्तर देण्यासाठी साधारण ६ मिलिसेकंद ६० मिलिअँपिअर इतका जादा प्रवाह घेतो आणि तो बहुधा मोटरीतूनच घेतो. म्हणून वाचताना इंजिनाला बारीक झटके बसतात आणि मोटरीची एखादी वायर सुटलेली असेल तर काहीच वाचले जात नाही.

मुख्य रुळांवर पहिल्यांदा ठेवताना आणखी एक काळजी घेता येते. रुळांकडे जाणाऱ्या एका वायरीत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब मालिकेत जोडावा. सर्व ठीक असेल तर बल्ब जवळजवळ विझलेला राहतो. शॉर्ट असेल तर तो प्रखर पेटतो आणि प्रवाह एक अँपिअरच्या आत अडवून धरतो. खात्री पटल्यावर बल्ब काढून टाकावा.

तयार कमांड स्टेशन परदेशातून मागवावे लागत असल्याने महाग पडते. ज्यांना थोडे इलेक्ट्रॉनिक्स येते त्यांच्यासाठी डीसीसी-ईएक्स हा मुक्त स्रोत प्रकल्प उत्तम आहे. त्यात आर्डुइनो मेगा या छोट्या संगणक पाटीवर मोटर शील्ड, म्हणजे मोटरीला प्रवाह पुरवणारी जोडपाटी, बसवून कमांड स्टेशन तयार होते आणि त्याला वाय-फायची पाटी जोडल्यास अँड्रॉइड फोनवरील इंजिन ड्रायव्हर या अॅपमधून गाडी चालवता येते. मात्र मूळ मोटर शील्डच्या पाठीवर ‘व्हीआयएन कनेक्ट’ असा छापील जोड असतो, तो १२ व्होल्टपेक्षा जास्त पुरवठा वापरण्याआधी धारदार पात्याने कापावाच लागतो, नाहीतर तोच पुरवठा आर्डुइनोत शिरून त्याला जाळतो. या शील्डवरील एल२९८ चिप स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खाते, हेही ध्यानात ठेवावे. एलईडी पट्ट्यांसाठी विकतात त्या जाळीदार डब्याच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर बहुधा एक छोटा समायोजनाचा स्क्रू असतो, तो फिरवून व्होल्टेज साधारण १४ पर्यंत वाढवावे. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर घरात पडून असतो म्हणून तो वापरण्याचा मोह होतो, पण एचओ इंजिनाच्या मोटरी आणि दिव्यांसाठी ते व्होल्टेज जास्त आहे.

पत्ता आणि स्वभाव

डिकोडरचे सर्व गुणधर्म सीव्ही नावाच्या क्रमांकित खणांत साठवलेले असतात. त्यांत सर्वांत आधी पत्ता बदलावा, कारण सर्व इंजिने ३ वरच राहिली तर सर्व एकदम चालू लागतील. १ ते १२७ हा छोटा पत्ता सीव्ही १ मध्ये लिहिता येतो. पण इंजिनाच्या अंगावर रंगवलेला क्रमांकच त्याचा पत्ता असावा, असे मला वाटते, म्हणजे कोणत्या इंजिनाला हाक मारायची हे आठवावे लागत नाही. वायडीएम-४ चे क्रमांक चार आकडी होते, त्यामुळे ते मोठ्या पत्त्यात जसेच्या तसे बसतात. ब्रॉडगेजच्या पाच आकडी क्रमांकांचे शेवटचे चार आकडे घ्यावेत.

बहुतेक कमांड स्टेशन मोठ्या पत्त्याचे गणित स्वतः करतात, तरी ते हाताने एकदा करून पाहावे. समजा इंजिनाचा क्रमांक ६२५८ आहे. त्याला २५६ ने भागले की भागाकार २४ आणि बाकी ११४ येते. भागाकारात १९२ मिळवून २१६ ही संख्या सीव्ही १७ मध्ये आणि बाकी ११४ ही सीव्ही १८ मध्ये लिहावी. एवढ्याने काम होत नाही, कारण मोठा पत्ता वापरायचा की छोटा, हे सीव्ही २९ ठरवतो. सीव्ही २९ ही अनेक पर्यायांची बेरीज आहे: दिशा उलटी करण्यासाठी १, वेगाच्या २८ किंवा १२८ पायऱ्यांसाठी २, साध्या डीसीवरही चालू देण्यासाठी ४, स्वतःचा वेगतक्ता वापरण्यासाठी १६ आणि मोठ्या पत्त्यासाठी ३२. आपल्याला पायऱ्या आणि मोठा पत्ता हवा, म्हणून २ आणि ३२ मिळून ३४ लिहावे. डीसीचा पर्याय मी मुद्दाम बंद ठेवतो, कारण तो चालू असताना रुळांवरच्या आज्ञा बिघडल्या तर इंजिन त्याला डीसी समजून पूर्ण वेगाने सुटू शकते.

दिशेच्या बाबतीत एक नेहमीचा घोळ होतो. वायडीएम-४ किंवा डब्ल्यूडीजी-४ सारख्या एका कॅबच्या इंजिनाचे तोंड कोणते मानायचे, लांब बॉनेटची बाजू की आखूड, हे आधी स्वतःशी ठरवावे. इंजिन आणि दिवे दोन्ही उलटे चालत असतील तर सीव्ही २९ मध्ये १ मिळवून ३५ करावे. दिवे बरोबर पण चाल उलटी असेल तर मात्र नारिंगी व करडी या वायरींची अदलाबदल करणे हाच उपाय आहे.

स्वभाव घडवणारे खण मोजके आहेत. सीव्ही २ मध्ये सुरुवातीचे व्होल्टेज असते. वेगाच्या पहिल्या पायरीवर इंजिन जेमतेम सरकेल इतके ते ठेवावे. सीव्ही ५ कमाल वेग ठरवतो आणि सीव्ही ६ मधला. कारखान्यातून येणारी बहुतेक मॉडेल प्रमाणाबाहेर पळतात, म्हणून सीव्ही ५ निःसंकोच कमी करावा. १:८७ च्या प्रमाणात ताशी ७५ किलोमीटरच्या गाडीने एक मीटर रूळ सुमारे ४.२ सेकंदांत कापला पाहिजे आणि ताशी ३० किलोमीटरच्या गाडीने साडेदहा सेकंदांत. फूटपट्टी आणि फोनचे स्टॉपवॉच घेऊन हे तपासावे. पुष्कळांना हा वेग आधी फारच कमी वाटतो, पण लोंढ्याहून कॅसल रॉककडे निघालेली जड गाडी डोळ्यांसमोर आणली की तो पटतो.

सावकाश सुटणे सीव्ही ३ मध्ये आहे. त्यातील संख्येला ०.८९६ ने गुणले की उभ्यापासून पूर्ण वेगापर्यंत लागणारे सेकंद मिळतात, म्हणजे २० लिहिल्यास सुमारे १८ सेकंद. थांबण्यासाठी तसाच सीव्ही ४ आहे. मालगाडीच्या इंजिनात मी ३० च्या आसपास ठेवतो. यार्डातील शंटिंगसाठी एवढा जडपणा त्रासदायक होतो, तेथे ५ पुरेत. सर्व काही बिघडले असे वाटले तर बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहून मूळ स्थिती परत आणता येते. आधी सोबतचा कागद पाहून खात्री करावी.

घाटातील बँकर

कॅसल रॉक ते कुळे या ब्रागांझा घाटात १:३७ चा चढ आहे आणि दूधसागराजवळून वर येणाऱ्या जड गाड्यांना पुढे ओढायला आणि मागून ढकलायला एकाहून अधिक इंजिने लागतात. मागच्या बाजूच्या इंजिनांना बँकर म्हणतात. हे दृश्य डीसीसीशिवाय टेबलावर नीट साधत नाही. मात्र त्यासाठी इंजिने एकमेकांशी जुळवून घ्यावी लागतात आणि त्यात घाई करू नये.

दोन्ही इंजिनांचे सीव्ही ३ आणि ४ आधी शून्य करावेत. मग ती एकाच रुळावर, न जोडता, हातभर अंतराने ठेवून एकाच वेगाच्या पायरीवर चालवावीत आणि अंतर वाढते की कमी होते ते पाहावे. सर्वांत कमी, मधल्या आणि सर्वांत जास्त वेगाला सीव्ही २, ६ आणि ५ बदलत जावे, जो जास्त पळतो त्यालाच आवरावे. तीन-चार मीटरमध्ये अंतर बोटभरच बदलत असेल तर जुळणी पुरेशी झाली. त्यानंतर सीव्ही १९ मध्ये दोघांनाही एकच सामाईक पत्ता द्यावा, समजा ५०. एखादे इंजिन उलट्या तोंडाने जोडले असेल तर त्याच्या पत्त्यात १२८ मिळवून १७८ लिहावे. आता ५० या पत्त्यावर दोन्ही इंजिने एकदिलाने चालतील. शेवटी सीव्ही ३ आणि ४ दोघांतही तंतोतंत सारखे भरावेत. मागून ढकलताना वळणावर हलके डबे रुळाबाहेर फेकले जातात, म्हणून घाटाच्या गाडीतील डब्यांत वजन भरणे आवश्यक आहे.

रुळांखालची तार

डीसीसीला दोन वायरी पुरतात, असे म्हणतात, ते एका मीटरच्या वर्तुळापुरते खरे आहे. मोठ्या मांडणीत टेबलाखालून सर्वत्र जाणारी जाड वायरींची जोडी आणि तिच्यातून ठिकठिकाणी वर येणाऱ्या बारीक फीडर वायरी लागतात. घराच्या वायरिंगची २.५ चौरस मि.मी.ची तांब्याची लाल-काळी वायर मुख्य जोडीसाठी घ्यावी. दहा मीटर जाणे आणि दहा मीटर येणे धरले तर तिच्यात तीन अँपिअरला अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी घट होते. तेच काम ०.५ चौरस मि.मी.च्या वायरीवर सोपवले तर दोन व्होल्टहून अधिक घट होते. बारीक वायर फीडरसाठीच वापरावी आणि ती फूटभरापेक्षा लांब नसावी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर द्यावा. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटमधून वीज पुढे जाईल या भरवशावर राहू नये.

सर्व जोडल्यावर नाण्याची चाचणी घ्यावी. रुपयाचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे टाकले की कमांड स्टेशनने तत्काळ प्रवाह तोडला पाहिजे. मांडणीच्या प्रत्येक कोपऱ्यात, प्रत्येक सांध्याच्या पुढे आणि मागे ही चाचणी करावी. जेथे नाणे टाकूनही प्रवाह सुरूच राहतो तेथे वायर बारीक आहे किंवा डाग कोरडा आहे, आणि उद्या तेथे इंजिन घसरले तर डबे वितळेपर्यंत कमांड स्टेशनला काही कळणार नाही. गाडी फुग्याच्या आकाराने वळून त्याच रुळावर परत येत असेल तर तेथे डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्ट होतो. अशा वळणाची दोन्ही टोके तोडून मधल्या भागाला आपोआप ध्रुव बदलणारी पाटी लावावी आणि तो भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा ठेवावा.

बेळगाव आणि खानापूर परिसरात जूनपासून हवा इतकी दमट असते की प्लायवूडची टेबले फुगतात, फिशप्लेट सैल होतात आणि रुळांवर मळकट पापुद्रा धरतो. पॉलिश पेपरने रूळ घासू नयेत, कारण त्या चरांत मळ अधिक घट्ट बसतो. अल्कोहोलात भिजवलेला सुती फडका फिरवावा. विजा चमकत असताना पुरवठ्याचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा आणि इंजिने सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावीत. पाऊस ओसरला की गाडी चालवण्यापूर्वी नाण्याची चाचणी सबंध मांडणीवर पुन्हा एकदा घ्यावी. माझ्या टेबलावर दरवर्षी दोन-तीन फीडर तरी त्यात सुटलेले सापडतात.